विश्व पसरतंय, पण कशावर?

शब्द: प्रसरण, विस्तार, आवरणे, ओढ

तासगाव तालुक्यातल्या एका शाळेत मी विज्ञान शिकवते. परवा फळ्यावर 'विश्वाचे प्रसरण' असं लिहिलं, तर मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, पसरतंय म्हणजे कशावर पसरतंय?" दोन दिवस तो प्रश्न डोक्यातून जाईना. तो जितका विज्ञानाचा तितकाच मराठीचा आहे, म्हणून इथं मांडते.

पसरणे आणि प्रसरण हे मुळात एकच. प्र आणि सृ. सृ म्हणजे सरकणे, जाणे. प्राकृताच्या वाटेनं आला तो पसरणे झाला, संस्कृतातून सरळ उचलला तो प्रसरण राहिला. विस्तार वेगळ्या धातूचा, वि आणि स्तृ. हाच स्तृ आपल्या अंथरण्यात आणि अंथरुणात आहे. 'अंथरूण पाहून पाय पसरावे' या म्हणीत दोन्ही धातू शेजारी शेजारी बसलेत! आणि अडचणही नेमकी याच म्हणीत आहे. मराठीत काहीही पसरायचं तर खाली आधी काहीतरी असावं लागतं. शेडमध्ये जाळीवर द्राक्षं पसरतात, खळ्यावर हळद पसरतात. विश्वाच्या खाली असं अंथरूण नाही. रिकामी जागा आधीच होती आणि विश्व तीत शिरतंय असं घडत नाही, जागाच वाढते.

बेल्जियमच्या जॉर्ज लमेत्र यांनी 1927 मध्ये आइन्स्टाइन यांच्या सापेक्षतेच्या गणितातून हे मांडलं. दीर्घिका, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा एकत्र बांधलेला समूह, जितकी लांब तितकी ती वेगानं दूर जाते, हे एडविन हबल यांनी 1929 मध्ये निरीक्षणांवरून दाखवलं. तेव्हापासून आपण 'दीर्घिका दूर पळतायत' असं लिहितो. मला हे पळणं खटकतं. पळणारा जागेतून पळतो. इथं दोघांमधली जागा वाढते.

समजावून सांगताना बेदाणे घातलेल्या पिठाचं उदाहरण हमखास देतात. आमच्याकडे बेदाण्याला काय तोटा! रविवारी यीस्ट घालून मैदा मळला, बेदाणे खोचले आणि पट्टी लावून मोजत बसले. पीठ जवळपास दुपटीला आलं तेव्हा दोन सेंटिमीटरवरचा बेदाणा अडीचवर गेला होता, आठवरचा दहावर. चौपट लांबचा चौपट सरकला, म्हणजे हबल यांचा नियम परातीत दिसला. एकही बेदाणा पिठातून चालत गेला नव्हता. कुठल्याही बेदाण्यापासून मोजलं तरी हेच, म्हणून मधला बेदाणा कुठला हा प्रश्नच उरत नाही. पिठाला कड असते, तेवढा भाग मात्र उदाहरणातून सोडून द्यायचा.

पण मला सगळ्यात मोलाची वाटली ती दुसरीच गोष्ट. पीठ फुगलं, बेदाणा फुगला नाही. शिऱ्यातला बेदाणा टम्म फुगतो, तसं इथं व्हायला नको. बेदाणा म्हणजे दीर्घिका, आणि दीर्घिकेला बांधून ठेवतं गुरुत्वाकर्षण. यासाठी मला 'आवरणे' हे क्रियापद फार आवडतं. घरातला पसारा आवरतो, बैल आवरतो, रडू आवरतो. पसारा शब्दही पसरण्याच्याच घरचा. विश्वाचा पसारा गुरुत्व जागोजागी आवरून धरतं. सूर्यमाला, आकाशगंगा, दीर्घिकांचे समूह हे सगळे आवरलेले. वाढतात ती त्यांच्यामधली अंतरं.

आपल्याला काय वाटतं?

प्रतिसाद, विट्याहून:
मॅडम, मी प्रसरणाची बाजू घेतो. आमचे आजोबा बैलगाडीच्या चाकांना धाव, म्हणजे लोखंडी कडं, बसवायचे. गोवऱ्यांच्या विस्तवात धाव लाल होईतो तापवायची, सांडशीनं उचलून लाकडी चाकावर उतरवायची आणि लगेच पाणी ओतायचं. थंड धाव चाकावर चढत नाही, तापलेली अलगद बसते. तापताना ती कुठल्या टोकानं वाढली? तिला टोकच नाही. तिच्यावरचा प्रत्येक बिंदू शेजारच्यापासून जरासा लांब जातो, सगळीकडे सारखा. शाळेत यालाच आम्ही 'प्रसरण पावणे' म्हणायला शिकलो. तेव्हा पसरण्याचा सख्खा भाऊ असला तरी प्रसरणाला अंथरूण लागत नाही.

माझं उत्तर:
दादा, पटलं. शाळेनं या शब्दाला वेगळा अर्थ दिलाय हे माझ्या ध्यानात नव्हतं. धाव माझ्या पिठापेक्षा सरस, कारण तिला कडच नाही. संज्ञा म्हणून प्रसरण ठेवू. बोलताना मात्र 'विश्व पसरतंय' न म्हणता 'अंतरं वाढतायत' म्हणू. दूरून येणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी वाटेत ताणली जाते, त्याला ताम्रसृती म्हणतात. त्या सृतीतही हाच सृ आहे.

प्रतिसाद, सांगलीहून:
ताई, गुरुत्वाकर्षण शब्द मुलांना अवघड जातो. 'ओढ' का नको? आयर्विन पुलाखाली पाणी चढलं की म्हातारी माणसं सांगतात, "पाण्याला ओढ आहे, आत जाऊ नकोस." आणि 'पावसानं ओढ दिली' म्हणतो तेव्हा तो लांबला असा अर्थ. खेचणं आणि अडवून धरणं, दोन्ही या एका शब्दात आलं.

माझं उत्तर:
फार छान सुचवलंत. भास्कराचार्यांनी 1150 मध्ये सिद्धान्तशिरोमणीत पृथ्वीच्या 'आकृष्टिशक्ती'बद्दल लिहिलंय: आकाशातल्या 'गुरु' म्हणजे जड वस्तूला ती आपल्याकडे ओढते. तेव्हा ओढ शब्द अर्थाला धरूनच आहे. दोन्ही अर्थ विश्वातही लागू पडतात. देवयानी दीर्घिका आपल्यापासून सुमारे 25 लाख प्रकाशवर्षांवर आहे. ती दूर न जाता सेकंदाला शंभराहून जास्त किलोमीटर वेगानं आपल्याकडे येते. इथं ओढ वाढीवर मात करते. आणि सगळ्या विश्वाचा विचार केला तर हीच ओढ वाढीचा वेग कमी करते, म्हणजे 'ओढ देते'.

याच हिशेबानं वाढ मंदावत असणार असं सगळे धरून चालले होते. 1998 मध्ये दूरच्या अतिनवताऱ्यांची, म्हणजे स्फोट होऊन लखलखणाऱ्या ताऱ्यांची, मोजणी झाली आणि वाढ उलट वेगावतेय असं दिसलं. पर्लमटर, श्मिट आणि रीस या शास्त्रज्ञांना 2011 चं नोबेल त्यासाठीच मिळालं. ज्यानं हे घडतं त्याला कृष्ण ऊर्जा म्हणतात, विश्वातल्या एकूण ऊर्जेचा साधारण 68 टक्के भाग. इथं 'कृष्ण'पेक्षा 'अज्ञात' शब्द मला जास्त खरा वाटतो. काळा रंग निदान दिसतो तरी.

त्या मुलीचा पुढचा प्रश्न काल आला: "मग सांगली-तासगाव अंतरही वाढतंय का?" आम्ही फळ्यावर गणित केलं. पंचवीसेक किलोमीटरचं अंतर विश्वाच्या दरानं ताणलं गेलं असतं, तरी वर्षाला दोन मायक्रॉनसुद्धा वाढलं नसतं. केसाच्या जाडीएवढं व्हायला चाळीसेक वर्षं. पण तेवढंही वाढत नाही. खडकातले अणू एकमेकांना विद्युत बलानं धरून आहेत आणि अख्ख्या पृथ्वीला गुरुत्व धरून आहे. तिनं वहीत लिहिलं, "आपण बेदाण्याच्या आत आहोत."