बोअरच्या पाण्यात नायट्रेट ९२, आरओने भागेल का?

मोहोळजवळ वस्तीवर राहतो. बोअर २८० फूट, तिन्ही बाजूंनी ऊस, युरियाची गोणी कायम बांधावर. लॅबच्या रिपोर्टात नायट्रेट ९२ मिलिग्रॅम प्रति लिटर (नायट्रोजन म्हणून नव्हे, नायट्रेट म्हणूनच), मर्यादा ४५. टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) ११००. पाणी मात्र काचेसारखं नितळ, चवीलाही बरं! उकळून उपयोग नाही, पाणी आटतं तसं नायट्रेट वाढतंच. कँडल फिल्टर लावून पुन्हा तपासलं, आकडा जवळपास तोच. घरात ४ महिन्यांचं बाळ, पावडरच्या दुधावर. सध्या जार आणतो, पण त्याचा रिपोर्ट कुणी दाखवत नाही. नळयोजना वस्तीपर्यंत नाही.

कुणी आरओच्या आधीचं-नंतरचं नायट्रेट तपासलंय का, किती उतरलं? आणि आरओचं मेंब्रेन (आतला गाळणारा पडदा) थकलं हे टीडीएस मीटरवर कळतं, की दरवेळी लॅबच गाठायची?