वाशीत भर पावसाळ्यात स्ट्रिंग क्वार्टेट: माइक लावावा का?

वाशीकर
ऑगस्टमध्ये सोसायटीच्या एसी हॉलमध्ये कॉलेजवयीन चौघांचा कार्यक्रम आहे: दोन व्हायोलिन, व्हायोला (व्हायोलिनहून थोडी मोठी, खालच्या सुराची), चेलो (जमिनीवर टेकवून वाजवायचं मोठं वाद्य). १५० खुर्च्या, टाइल्सची जमीन, उघड्या भिंती. साउंडवाला प्रत्येकी एक माइक लावू म्हणतोय. संगीतकार हायडनचं ओपस (रचनाक्रमांक) ७६ क्र. २ आणि ड्वोर्झाकचं ओपस ९६ वाजवणार आहेत. बसवायचं कसं? तारा उतरू नयेत म्हणून काय करावं?

खर्जातला
१५० माणसांना माइक नको. चार माइक लावले की चौघांचा आपापसातला तोल साउंडवाल्याच्या हातात जातो, आणि क्वार्टेटमध्ये ऐकायचं असतं ते हेच.

गडकरी रंगायतन किंवा भावे नाट्यगृहात गोष्ट वेगळी. विंगा आणि पडदे आवाज पितात, म्हणून तिथे पुढच्या पडद्याबाहेर, प्रेक्षकांजवळ बसवावं लागतं. तुमच्याकडे उलटा त्रास: आवाज घुमेल. रिकाम्या हॉलमधला घुमारा ऐकून घाबरू नका, माणसं भरली की बराच कमी होतो. तरी प्रेक्षकांच्या मागच्या भिंतीवर जाड पडदे सोडा. वादकांच्या मागची भिंत मात्र उघडीच असू द्या. मंडपवाल्याचा पोकळ प्लायचा मंच टाळा. त्यावर चेलोचा खर्ज ढम्म वाजतो, शिवाय फळ्या कुरकुरतात.

घोडीवाला
तारांचं दुखणं हवेत आहे. बाहेरच्या दमट हवेत खुंट्या फुगून घट्ट बसतात. एसीत लाकूड सुकलं की त्या आकसतात आणि वाजवता वाजवता सटकतात. म्हणून एसी तासभर आधी लावा, वाद्यंही तेव्हाच आत आणा आणि पेट्या उघड्या ठेवा. एसीचा झोत वादकांवर नको. मध्यंतरात एसी बंद करू नका, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. गजाचे केसही कोरड्या हवेत आखडतात, तेव्हा वाजवून झालं की गज सैल करायला सांगा. नव्या तारा ताणत राहतात. बदलायच्या असतील तर आठवडाभर आधी बदला.

खुर्च्या बिनहाताच्या, सपाट बैठकीच्या चार हव्यात. प्लॅस्टिकची खोलगट खुर्ची चेलोवाल्याला अजिबात चालत नाही. चेलोची खालची अणी टाइल्सवर घसरते. खुर्चीच्या पायाला अडकवायचा पट्टा त्याच्याकडे आहे का, आजच विचारा.

मंद्रसप्तक
बैठकीबद्दल: ड्वोर्झाकच्या सुरुवातीलाच मुख्य धून व्हायोलावर येते. व्हायोला प्रेक्षकांच्या उजव्या टोकाला बसली तर तिची स्वरछिद्रं मागच्या भिंतीकडे वळतात आणि धून दबते. डावीकडून पहिलं व्हायोलिन, दुसरं, व्हायोला आणि टोकाला चेलो असा अर्धगोल करा. चेलो तिथून छान ऐकू येतो, कारण त्याचं तोंड समोरच असतं. शेवटचा शब्द अर्थात वादकांचा.

पंखे लावलेत तर कागद उडणार, स्टँडला चिमटे लावा. दिवा डोक्यावरून सरळ खाली नको, स्वरलिपीवर सावली पडते. पावसाळ्यात वीज जाते, तेव्हा चार्जिंगचे छोटे दिवे प्रत्येक स्टँडवर असू द्या.

वाशीकर
माइक रद्द. मध्येच टाळ्या पडल्या तर?

खर्जातला
दोन्ही रचना चार-चार भागांच्या आहेत, एवढं सुरुवातीला मराठीत सांगा. आपल्याकडे समेवर दाद द्यायची सवय, तेव्हा कुणी चुकून वाजवल्याच तर डोळे वटारू नका. हायडनच्या काळी लोक दोन भागांच्या मध्ये सर्रास टाळ्या वाजवत. निवेदनासाठी एक माइक ठेवा, आणि बोलून झालं की तो स्विचवरून बंद करा, नाहीतर हळुवार भागात स्पीकरची गुणगुण ऐकू येईल.