मदत हवी आहे: सीनियर सरांच्या लेक्चरला बसून रिव्ह्यू लिहायचाय

खडूची_धूळ: डिपार्टमेंटमधल्या एका सरांचा पीअर रिव्ह्यू माझ्या गळ्यात पडलाय. मागे बसायचं आणि फॉर्म भरायचा, त्यात सगळीकडे १ ते ५ आकडे आणि रिमार्कला खाली दोन ओळी. कोणी केलंय का? पटकन सांगा, लेक्चर उद्या ११ ला आहे.

शेवटचा_बाक: रिव्ह्यू कशासाठी? त्यांना सुधारणा सुचवायला की प्रमोशनच्या फाईलला लावायला? जमीन-अस्मानाचा फरक आहे. विषय कोणता, मुलं किती?

निवांत: आधी भेटलात का त्यांना? आज काय शिकवणार, मी कशाकडे लक्ष देऊ हे विचारायचं, मग लेक्चर, मग दोन दिवसांत परत बसून बोलायचं. नुसतं मधलंच केलं तर ती तपासणी झाली.

खडूची_धूळ: नाही भेटले, ते कोणाला भेटत नाहीत. स्टॅटिस्टिक्स, ११० मुलं. कशासाठी ते मेलमध्ये लिहिलेलंच नाही.

गप्पिष्ट: घाबरू नका ताई, पाण्याची बाटली जवळ ठेवा आणि आवाज मोठा ठेवा, होतं सगळं नीट.

खडूची_धूळ: अहो लेक्चर मी घेत नाहीये!!

आकडेमोड: कोपस (COPUS) वापरा. वर्गात बसून निरीक्षण करायचा २०१३ चा प्रोटोकॉल आहे, दर २ मिनिटांनी सर काय करतायत आणि मुलं काय करतायत एवढीच खूण करायची. चांगलं-वाईट आपण ठरवायचंच नाही, म्हणजे भांडण नाही.

शेवटचा_बाक: म्हणजे सरांनी चुकीचं सूत्र झोकात शिकवलं तरी खूण 'फळ्यावर लिहिणे' हीच ना? मग त्याच विषयातलं माणूस कशाला बसवायचं, शिपाईसुद्धा करेल.

आकडेमोड: खुणा करताना डोकं घरी ठेवून जा असं कुठे म्हटलंय मी?

कट्टा_नं_५: एवढा घोळ कशाला, मुलांचा फीडबॅक घ्या की सरळ.

निवांत: मुलांना वाटतं ते खरं असतंच असं नाही. हार्वर्डला फिजिक्सच्या वर्गात प्रयोग झाला होता, २०१९ ला छापून आला. वर्गात स्वतः गणितं सोडवलेल्या मुलांना वाटलं आपण कमी शिकलो, आणि टेस्टमध्ये मार्क त्यांनाच जास्त.

खडूची_धूळ: एक सांगायचं राहिलं, पुढच्या महिन्यात माझ्या लेक्चरला हेच सर बसणार आहेत आणि माझं प्रोबेशन चालू आहे.

शेवटचा_बाक: हे आधी नाही का सांगायचं! जोडी बदलून मागा आजच. नाहीतर अहो रूपम् अहो ध्वनिः, तुम्ही त्यांना ५ ते तुम्हाला ५.

गप्पिष्ट: मग बाटलीचं लक्षात ठेवा, पुढच्या महिन्यात लागेल.

खडूची_धूळ: जोडी बदलत नाहीत, विचारून झालं. निवांतचं ऐकून सरांनाच मेल टाकला तर चक्क लगेच उत्तर आलं, १०:४० ला केबिनमध्ये या, आणि पी-व्हॅल्यूला मुलं दरवर्षी अडकतात, नेमकी कुठे हरवतात तेवढं बघा म्हणाले. ते बघते. पण त्या १ ते ५ चं काय करू ते अजून कोणीच सांगितलं नाहीये.