मांजर घरातच ठेवणे हा तिच्यावर अन्याय आहे का?

ठमीची आई, गंगापूर रोड
आमची ठमी गेली चार वर्षे तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटबाहेर पडलेली नाही. ‘बिचारीला कोंडून ठेवले आहे’ असे सोसायटीत वारंवार ऐकावे लागते, म्हणून माझे मत मांडते. मांजर कंटाळते ते चार भिंतींमुळे नव्हे, तर शिकार न मिळाल्यामुळे. मोकळे मांजर दिवसभरात दहा-वीस वेळा थोडे थोडे खाते आणि त्यातला जवळपास प्रत्येक घास दबा धरून, झेप घेऊन मिळवते. आपण मात्र वाटी भरून ठेवतो आणि ते पहाटे पडदे का ओरबाडते याचे नवल करतो. ठमीचे कोरडे खाणे आम्ही भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवतो आणि ती पंजा घालून एकेक दाणा बाहेर काढते. दिवेलागणीला काठीला बांधलेल्या पिसामागे तिला दहा मिनिटे पळवतो, शेवटी ते पीस पकडू देतो आणि लगेच जेवू घालतो. लेझरचा ठिपका आम्ही वापरत नाही, कारण तो कधीच पंजात येत नाही आणि मांजर चिडचिडे होते.

पंचवटीकर
मी सहमत नाही. आमच्या वाड्यात तीन पिढ्या मांजरे वावरली. कौलांवरचे ऊन, माळ्यावरचा उंदीर, पावसानंतर ओल्या मातीला येणारा वास, हे सगळे खोक्यात कसे भरणार? मांजर नाकाने जगते, आणि फ्लॅटमध्ये त्याला रोज तोच फिनेलचा वास मिळतो. तुम्ही वेळ देता हे चांगलेच आहे; पण अंबड-सातपूरच्या कारखान्यांत दहा-दहा तास कामाला जाणारी माणसे मांजर पाळतात, तेव्हा ते दिवसभर बंद दाराकडे पाहत बसते.

नाशिकरोडची वाचक
मोकळ्या मांजराचे आयुष्य इतके सुखाचे असते का, हे माझ्या बोक्याला विचारावे. दोन वर्षांपूर्वी संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी तो मागच्या पायात नायलॉनचा मांजा रुतलेल्या अवस्थेत घरी आला. या मांज्यावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्येच बंदी घातली आहे, तरी त्याचे तुकडे झाडांवर आणि तारांवर लोंबत असतात. गाड्या आणि मोकाट कुत्री आहेतच, शिवाय शहराच्या कडेला बिबट्याही फिरतो. बोका आता घरातच असतो. बाल्कनीला जाळी मारून खिडकीत फळी बसवली आहे आणि समोरच्या कडुनिंबावरच्या साळुंक्या पाहण्यात त्याची दुपार जाते.

पंचवटीकर
मांज्याचे मला मान्य आहे, त्यावर वाद नाही. पण मग घर तरी नीट करा. इंदिरानगरात माझ्या भाचीचे मांजर थेंब थेंब लघवी करू लागले, तेव्हा डॉक्टरांनी आधी खडा किंवा जंतुसंसर्ग नाही ना ते तपासले आणि मग विचारले, ‘हे दिवसभर करते काय?’ त्या घरात चढायला उंच जागा नव्हती, लपायला कोपरा नव्हता आणि दोन मांजरांत मातीचा एकच ट्रे होता.

ठमीची आई, गंगापूर रोड
हा मुद्दा महत्त्वाचा आहे. अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठात टोनी बफिंग्टन यांनी मूत्राशयाच्या अशाच त्रासावर काम केले. घरात बंदिस्त असलेल्या मांजरांना उंच जागा, लपण, खेळ आणि नेमका दिनक्रम मिळाला तेव्हा त्यांचा त्रास कमी झाला, असे २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात दिसले. म्हणजे घर बदलता येते, पण ते बदलावे लागते. मांजरे दोन असतील तर ट्रे तीन हवेत आणि तेही वेगवेगळ्या ठिकाणी. वासाबाबत तुम्ही बरोबर आहात, त्याचा मी पुरेसा विचार केला नव्हता. यापुढे दर रविवारी माहेरच्या अंगणातली सुकी पाने आणि एखादी फांदी खोक्यात घालून ठमीपुढे ठेवीन. फुलदाणीत लिली मात्र कुणीही ठेवू नये, कारण तिच्या परागकणांनीही मांजराची मूत्रपिंडे निकामी होतात.

पंचवटीकर
पाने आमच्या वाड्यातूनही घेऊन जा. माझे मत मात्र अजून बदललेले नाही.