पिरियड-करेक्टवाल्यांनो (जुन्या कॉम्प्युटरात त्याच काळातले भाग हवेत म्हणणाऱ्यांनो), एकदा डबा उघडून बघा

ठोकळा:
कालच्या धाग्यावर एका विद्वानाने फर्मान काढलं: १९९८ची मशीन म्हणजे ३१ डिसेंबर १९९८पर्यंत बाजारात आलेलेच भाग, हार्डडिस्कच्या जागी सीएफ कार्ड (मेमरी कार्ड) आणि नवा पॉवर सप्लाय लावणाऱ्यांनी गुपचूप इम्युलेटर (जुन्या मशीनची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) वापरावा. उत्तर दोन ओळींत मावेना म्हणून हा वेगळा धागा.

माझ्याकडे ४४०बीएक्स बोर्ड, सेलेरॉन ३००ए प्रोसेसर (६६ मेगाहर्ट्झच्या जागी १००ची बस लावली की ३००चा वेग ४५० होतो, ३००ए घेऊन ३००वर चालवणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही) आणि व्हूडू २ या थ्रीडी ग्राफिक्स कार्डांची जोडी. पॉवर सप्लाय मीही हट्टाने जुनाच ठेवला होता. एका रात्री 'अनरीयल' हा गेम ऐन रंगात असताना फट् झालं, स्क्रीन काळा आणि मासळी जळल्यासारखा वास. उघडतो तर कपॅसिटरांची डोकी फुगलेली, एकाच्या बुडाशी तपकिरी चिकटा. कार्डं वाचली हे नशीब. गेली असती तर कुणाच्या दारात जायचं? व्हूडू बनवणाऱ्या थ्रीडीएफएक्सने २०००च्या डिसेंबरातच गाशा गुंडाळायला घेतला. शुद्धतेपायी व्हूडू जाळायचं तर स्वतःचं जाळा.

घरघर:
'विद्वान' म्हणजे मीच. नाव घ्यायला जीभ अडखळली का?

ग्लाइडचा रॅपर (व्हूडूची ग्राफिक्स भाषा नव्या कार्डाला समजावणारं सॉफ्टवेअर) लावला की तोच 'अनरीयल' आजच्या मशीनवर जास्त रेझोल्यूशनला चालतो. मग खोकं बाळगायचं कशाला? ते जसं वागायचं तसंच वागावं म्हणून. माझी ४ जीबीची डिस्क सुरू होताना शीळ घालते, लेव्हल लोड होताना खरखरते. मशीन काम करतंय की हँग झालंय हे त्या खरखरीवरून कळायचं. थोरला भाऊ पलीकडच्या खोलीतून ओरडायचा, "डिस्क थांबली, मार रीसेट!" सीएफ लावल्यावर हाती काय उरलं? मुका, पिवळा डबा.

खटपटी:
पॉवर सप्लायबाबत घरघर यांचं अर्धं बरोबर आहे. (हे टाइप करताना बोटं दुखली.) नवा सप्लाय लावला की सुटलो, असं नसतं. आताच्या सप्लायचा सगळा जोर १२ व्होल्टवर. अॅथलॉन एक्सपी या जुन्या प्रोसेसरचे बरेचसे बोर्ड त्याची वीज ५ व्होल्टवरून ओढतात, तिथे नवाकोरा सप्लाय दम टाकतो. काही जुन्या आयएसए (त्या काळचा स्लॉट) साउंड कार्डांना उणे ५ व्होल्ट लागतात, ते तर आता जवळजवळ कुणी देतच नाही. मी जुन्याचेच कपॅसिटर बदलते. पण ज्याला सवय नाही त्याने हात घालू नये. प्लग काढल्यावरही आतला मोठा कपॅसिटर दणका देतो.

धुतलेला_कीबोर्ड:
अवांतर: डबा पिवळाच का ठेवता? हायड्रोजन पेरॉक्साइड क्रीम लावून, वर प्लॅस्टिकची फिल्म गुंडाळून उन्हात ठेवा. नव्यासारखा होतो.

टर्बोबटण:
अवांतराला तीव्र णिषेध. मी हा उद्योग केलाय. फिल्मखाली जिथे हवेचे बुडबुडे राहिले, तिथे पांढरे-पिवळे ढग उमटले. फ्रंट पॅनल आता एखाद्या नकाशासारखं दिसतं. आणि दोन वर्षांत पिवळेपणा परत, तेही बंद कपाटात!

धुतलेला_कीबोर्ड:
क्रीम सारखं पसरलं नसेल. दर तासाला फिल्म उचलून पुन्हा चोळावं लागतं.

टर्बोबटण:
चोळलं होतं हो! पॅनलशेजारी खुर्ची टाकून बसलो होतो. तुम्ही करून पाहिलंय, की नुसते व्हिडिओ?

धुतलेला_कीबोर्ड:
तीन कीबोर्ड केलेत. आयडी काय उगाच घेतलाय?

ठोकळा:
धागा माझा आहे, परीटघडीचा नाही. मुद्द्यावर या. घरघर, तुमच्या स्वाक्षरीत 'शुद्ध १९९८: विंडोज ९८ एसई' असं लिहिलंय. एसई, म्हणजे सेकंड एडिशन, आली १९९९मध्ये. आता सांगा, भेसळ कुणाची?

घरघर:
एसईचा मुद्दा वेगळा आहे. पहिल्या आवृत्तीत यूएसबीचा फार जाच होता.

ठोकळा:
म्हणजे जाच झाला की नियम शिथिल. माझा सप्लाय फुटला, तो जाच नव्हे. दंडवत.

टर्बोबटण:
दोघांनाही एकच विचारतो: मॉनिटर कुठला? एलसीडी ना? डॉस गेम्सचा ३२०×२०० मोड ७० हर्ट्झवर चालतो, ६०च्या पॅनलवर स्क्रोलिंग हिसके मारतं. शिवाय ते चित्र ४:३ पडद्यावर उभं ताणलं जायचं. चौकोनी पिक्सेलवर 'डूम'मधले राक्षसही बुटके दिसतात. आत कोणती डिस्क घरघरते यावर भांडताय आणि समोर चित्रच चुकीचं.

घरघर:
माझा सीआरटी आहे, जुना काचेच्या नळीचा. १७ इंची, ८५ हर्ट्झ. या एका बाबतीत टर्बोबटण यांच्याशी सहमत, पुन्हा होणार नाही.

खटपटी:
घरघर, आवाजाचाच प्रश्न असेल तर बोर्डावरच्या डिस्क-एलईडीच्या पिनांना जोडायचं छोटं सर्किट असतं. सीएफ लावा, एलईडी लुकलुकली की ते टिकटिक करतं.

घरघर:
म्हणजे नकली दात बसवून कडाकडा वाजवायचे! ताई, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती.

घरघर:
त्या पिनांची प्लस-मायनस बाजू बोर्डावर छापलेली असते का? करणार नाहीये. विचारून ठेवतोय.

धुतलेला_कीबोर्ड:
टर्बोबटण, ढगांवर दुसरा हात मारून पाहिलात का?