सभासदत्वाच्या फॉर्मवर हळद, तंबाखू, दशांश: शास्त्रात नाही ते मंडळीने मागावं का?

नगरी
सलाम. आमच्या मंडळीत (म्हणजे चर्चमध्ये, नाव नको) सभासदत्वाचा नवा फॉर्म आलाय. वर विश्वास, पश्चात्ताप, बाप्तिस्मा, ते ठीकच. खाली चार कलमं: दारू-तंबाखू बंद, लग्नात हळद आणि हलगी नाही, हिंदू नातेवाइकांकडे पूजेला जायचं नाही, दशांश (कमाईचा दहावा भाग) चुकवायचा नाही. सही नसेल तर प्रभुभोजन (प्रभूच्या मेजावरची भाकर आणि प्याला) नाही, मतही नाही.

मला पटत नाही. प्रेषितांची कृत्ये, अध्याय ८: कांदके राणीचा खजिनदार वाटेत पाणी बघून विचारतो, बाप्तिस्म्याला आता अडचण काय? फिलिप्पाने तिथेच दिला. दशांशाचं तर प्रेषित पौलाने सरळ लिहिलंय, ज्याने त्याने मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं, भाग पडतं म्हणून नको (२ करिंथ ९:७). हळद माझ्या आजीलाही लागली होती. तिच्याइतकी प्रार्थना करणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. दारू वाईटच. पण ती सोडा म्हणून वेदीवरून सांगा की. त्यासाठी प्रभूच्या मेजावरून कशाला उठवता?

वाडीची सून
काना गावच्या लग्नात येशूने पाण्याचा केलेला द्राक्षारस आता निघेलच, म्हणून आधीच बोलते. बाजाराच्या दिवशी पगार घेऊन दाजी कुठे बसतात ते सगळ्या वाडीला ठाऊक, आणि रविवारी तेच दानाची थैली फिरवतात. शास्त्रात नाही कसं? १ करिंथ ५:११ काढा. भाऊ म्हणवणारा मद्यपी असेल तर त्याच्या पंक्तीलाही बसू नका, असं आहे. तंबाखू नसणारच तिथे, ती आपल्याकडे पोर्तुगीजांच्या मागून आली. पौल कुठून लिहिणार?

नगरी
ताई, तो शब्द मद्यपी आहे. वर्षातून एकदा घोट घेणाराही तुमच्या फॉर्मने बाहेर जातो. आणि तंबाखूत मिश्री धरायची का? मग निम्म्या महिला मंडळाच्या सह्या मिळणार नाहीत.

वाडीची सून
धरा. माझी सासूही लावते.

मुक्तिफौजेतला
आमच्या मुक्तिफौजेत (साल्व्हेशन आर्मी) सैनिक, म्हणजे पक्का सभासद, व्हायचं तर दारू, तंबाखू सोडल्याची लेखी प्रतिज्ञा असते. बोचत नाही, कारण सही न करणाराही उपासनेला येतो, त्याला सैनिक म्हणत नाहीत एवढंच. फौजेत शिस्त नको तर कुठे हवी?

पुणेरी ख्रिस्ती
पण तुमच्याकडे बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन दोन्ही नाही! शास्त्रात आहे ते सोडलं, नाही ते लेखी घेतलं. टीका नाही हो, नवल वाटतं.

नगरीभाऊंचं मला पटतं, पण अर्धंच. यरुशलेमच्या सभेने (कृत्ये १५) परराष्ट्रीयांवर (यहुदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांवर) सुंतेचं ओझं टाकलं नाही, तरी चार गोष्टी सांगितल्याच: मूर्तीचा नैवेद्य, रक्त, गुदमरून मेलेल्याचं मांस, जारकर्म. म्हणजे मंडळी नियम करू शकते. आता मजा बघा, रक्ताची मनाई तिथे स्पष्ट आहे. बकरं कापलं की कांदा-मिरची घालून रक्ती परततात, ती खाणाऱ्याला कुठल्या फॉर्मने विचारलंय? हळदीवर मात्र कलम.

नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये 'देवाचा दरबार' हा बंधुसंघ काढला, त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले दोघेही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून येऊ शकत होते. आपण शंभर वर्षांनी हलगी मोजतोय.

जुना पाळक
टिळकांचा दरबार त्यांच्यामागे किती टिकला तेही सांगा. १९१९ मध्ये ते गेले. मंडळी चालवायची तर यादी लागते, यादीला नियम लागतो. पूजेचं कलम मी ठेवीन. नव्या विश्वासणाऱ्याला प्रसादाचं ताट पुढे आलं की काय करावं कळत नाही, तो नियमाकडे बोट दाखवून सुटतो. दशांशाचं काढा. पावतीपुस्तक बघून प्रभुभोजन देणं मला कधी जमलं नाही.

नगरी
पाळकसाहेब, पण सख्ख्या चुलतभावाच्या वास्तुशांतीला मी दारात उभं राहून अहेरही द्यायचा नाही? पौल तर अविश्वासणाऱ्याच्या घरी जेवायला जा म्हणतो, पुढे येईल ते खा, फक्त 'हा नैवेद्य आहे' असं कुणी सांगितलं तर खाऊ नका (१ करिंथ १०). एवढी बारीक सोय त्याने ठेवली, ती फॉर्मने एका ओळीत मोडली.

रविवारच्या सभेत मी एकच विचारणार आहे. सही न केलेला मेला तर कबरस्थानात जागा द्यायला कोणती यादी बघणार?

वाडीची सून
विचारा, मीही हात वर करीन. दारूचं कलम काढायला उठलात तर मात्र समोरच्याच बाकावर बसलेली असेन.