बर्निंग मॅनला कुठला कॅम्प धरावा? पहिल्यांदाच चाललोय

जुळेसोलापूरकर: नमस्कार मंडळी. मूळचा सोलापूरचा, सध्या सॅन होजेला नोकरीला. यंदा नेवाडातल्या ब्लॅक रॉक वाळवंटात बर्निंग मॅनला (तात्पुरतं शहर उभारून भरणारा महोत्सव) जायचं ठरलंय, तिकीट झालंय, कॅम्पचंच, म्हणजे कुठल्या गटाबरोबर राहायचं याचंच अडलंय. एका छोट्या कॅम्पची थीम चहाची, दुपारभर येईल त्याला फुकट चहा पाजायचा. दुसरा मोठा साउंड कॅम्प, म्हणजे मोठ्या आवाजात गाणी वाजवणारा, शॉवर, जेवण सगळं आहे पण फी लई. मी शाकाहारी, झोप हलकी. उन्हाचं टेन्शन नाही, एप्रिल-मे सोलापुरातच काढलेत. काय करू?

पार्कचौपाटी: उन्हाचं टेन्शन नाही म्हणू नको बे. दिवसा भाजतं आणि रात्री स्वेटर लागतो, आणि तिथली धूळ आपल्यासारखी नाही, आटलेल्या तळ्याची खारट धूळ आहे, अनवाणी फिरलं की पाय फुटतात, मग व्हिनेगरच्या पाण्यानं धुवायचे. पाणी माणशी दिवसाला दीड गॅलन धर.

आता कॅम्प. थीम बघून धरू नको, काम बघून धर. फीमध्ये काय काय येतं, शिफ्ट किती, भांडी कोण घासणार, आणि शेवटी तंबू-सावली उतरवायला किती दिवस थांबायचं हे आधी विचार. नीट उत्तर आलं नाही तर तो कॅम्प सोड. मोठे साउंड कॅम्प शहराच्या २ आणि १० वाजताच्या टोकाला असतात (शहर घड्याळाच्या तबकडीसारखं आखलेलं, म्हणून पत्ते तासांवर), तिथं पहाटेपर्यंत झोप विसर. आणि एक, कचरा कुठं किती सापडला याचा नकाशा दरवर्षी निघतो, हिरवा म्हणजे स्वच्छ, मग पिवळा, लाल म्हणजे सगळ्यात जास्त कचरा. लालवाला कॅम्प म्हणजे तिथं माणसं कामाला हात लावत नाहीत, सरळ कळतं.

बाळीवेसचा_अण्णा: पैसे भरून धूळ खायला जायचं, वर भांडी पण घासायची? गड्ड्याच्या जत्रेला ये की, भाग्यश्री वडापण मिळंल 😄

पार्कचौपाटी: अण्णा, तिथं वडा विकतच नाहीत, हीच तर गंमत. बर्फ सोडला तर विकत जवळपास काही मिळत नाही, द्यायचं ते असंच द्यायचं. म्हणून चहाचा कॅम्प मला पटतो, सगळं आयतं हातात देणाऱ्या महागड्या कॅम्पांवर जुने लोक नाकं मुरडतात ते उगाच नाही.

सातरस्ता_ताई: माझा भाऊ २०२३ ला गेलता, पाऊस पडला, चिखलात गाड्या बंद, गेट बंद. त्याच्या कॅम्पात राशन जास्तीचं होतं म्हणून निभावलं. किचन कोण बघतं ते विचारच. आणि जनरेटर किती लांब आहे ते पण, तुझी झोप हलकी म्हणालास.

जुळेसोलापूरकर: चहावाल्यांना आत्ताच मेसेज टाकला. रोज एक शिफ्ट, स्वयंपाक सगळे मिळून, उतरवायला सोमवारी थांबायचं म्हणाले. जनरेटरचं अजून उत्तर नाही. आईनं पाठवलेली शेंगा चटणी आणि कडक भाकरी नेऊ का?

पार्कचौपाटी: ने की, खराब होत नाही. फक्त भाकरी मोडताना खाली ताट धर, तिथं तुकडा पडला तरी उचलावा लागतो.